केस कोण हलवतं?

तास संपायला पाचेक मिनिटं उरली होती. आमच्या प्रयोगशाळेत चांगला म्हणावा असा सूक्ष्मदर्शक एकच, त्यामुळे आठवीची मुलं रांग लावून एकेक डोळा टेकवत पुढे सरकत होती. स्लाइडवर पेंढ्याचं पाणी होतं. पेंढा उकळून गार करायचा, त्यात शाळेमागच्या तळीतलं वाटीभर पाणी घालायचं आणि बरणी आठ-दहा दिवस कपाटाच्या कोपऱ्यात ठेवून द्यायची. वर धूसर साय धरते, झाकण काढलं की ओल्या गव्हाणीचा वास येतो. मुलं आधी नाकं मुरडतात आणि डोळा टेकवला की गप्प होतात. चपलेच्या तळव्यासारखे ते पॅरामेशियम त्या थेंबात स्वतःभोवती गिरक्या घेत धावत असतात. मिलिमीटरच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढा देह आणि सेकंदाला मिलिमीटरभर पळ. नजर ठरत नाही, म्हणून मी कापूस पिंजून त्याचे चार तंतू थेंबात सोडते. मग त्यांची वाट अडते. एक पॅरामेशियम तंतूवर धडकला, सरळ मागे सरला, तोंड जरासं वळवून पुन्हा पुढे आला, पुन्हा धडकला, पुन्हा मागे. तिसऱ्या खेपेला त्याला फट सापडली.

ती मुलगी खूप वेळ डोळा लावून उभी होती. मागची पोरं ढकलाढकली करायला लागली तरी हलेना. वर्गात कधी हात वर न करणारी, मधल्या सुट्टीत पायरीवर एकटीच डबा खाणारी मुलगी. डोळा न काढताच तिनं विचारलं, "बाई, हा पोहतो कशानं?"

"अंगभर बारीक केस असतात ना, पक्ष्माभिका. फळ्यावर काढल्यात बघ. त्यांनी पाणी मागे लोटतो."

"पण केस कोण हलवतं?"

"पेशीच हलवते गं," मी म्हटलं, आणि घंटा झाली. "हं," म्हणाली ती आणि दप्तर उचलून गेली.

त्या "हं"नं घरापर्यंत माझी पाठ सोडली नाही.

कळलं म्हणून म्हटलेला "हं" वेगळा असतो आणि मोठ्या माणसाला जास्त अडचणीत आणायचं नाही म्हणून म्हटलेला वेगळा. हा दुसरा होता. बावीस वर्षं मी फळ्यावर तो चपलेचा आकार काढत आलेय. भोवती खडूच्या तुटक रेघा, बाण, "पक्ष्माभिका – हालचालीसाठी". मुलं उतरवून घेतात, परीक्षेत तसंच काढतात, मी गुण देते. पण "पेशीच हलवते" म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर होडी होती आणि आत बसून वल्ही मारणारा कोणीतरी होता. पॅरामेशियम तर अख्खा मिळून एकच पेशी. त्याच्या आत ना स्नायू, ना दोऱ्या, ना बसायला फळी. मग केसाच्या मुळाशी बसून ओढतं कोण? रात्री जेवणं आटोपल्यावर वाचायला बसले आणि पहिल्याच अर्ध्या तासात माझं उत्तर चुकलेलं आहे हे कळलं. १९७२ मध्ये नाइतो आणि कानेको या दोघा जपानी संशोधकांनी पॅरामेशियम साबणासारख्या एका रसायनात बुडवले. त्यानं पेशीचं पातळ आवरण विरघळतं. आवरण गेलं की पेशी मेली, त्याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. मग ती कलेवरं त्यांनी धुऊन घेतली आणि थोडं मॅग्नेशियम आणि एटीपी घातलेल्या पाण्यात सोडली. एटीपी म्हणजे पेशीतलं रोजच्या खर्चाचं इंधन. केस हलायला लागले. मेलेले पॅरामेशियम पुढे पोहायला लागले. त्याच पाण्यात कॅल्शियमचा अंश वाढवला तर तेच मेलेले पॅरामेशियम उलटे, मागच्या बाजूला पोहायला लागले, जिवंतपणी तंतूवर धडकल्यावर मागे सरतात अगदी तसे.

हे मी दोनदा वाचलं आणि दिवा मालवून पडले, तर झोप येईना.

माझी आजी देवगडकडच्या एका वाडीत गेली. शेवटचे दहा-बारा दिवस ती कोणाला ओळखत नव्हती. डोळे अर्धे मिटलेले, श्वास घशात घरघरणारा, पाणी चमच्यानं ओठावर सोडायचं. पण हात थांबले नव्हते. डाव्या हाताची दोन बोटं घोंगडीची कड धरायची आणि उजव्या हाताचा अंगठा त्या कडेवरून खाली घसरायचा. पुन्हा वर, पुन्हा खाली. तासन् तास. पाहुणे म्हणायचे, काहीतरी शोधत्येय, काहीतरी मागत्येय. आईनं मात्र पहिल्याच दिवशी ओळखलं. ती हीर सोलत होती. माडाची झावळ वाळली की तिच्या एकेका पातीतून मधला कडक शिरा सुरीनं सोलून वेगळा काढायचा, तो हीर. असे दोनशे-तीनशे हीर जमले की खराटा. उभा जन्म तिनं खळ्यात बसून हेच केलं होतं, बोलताना, रडताना, आम्हा पोरांना रामरक्षा म्हणायला लावताना. आता सुरी नव्हती, पाती नव्हती, आणि मला तेव्हा वाटलं होतं की आजीही नव्हती. मग हात कोण हलवतं, हा प्रश्न मीही आईला विचारला होता. मी तेरा वर्षांची होते, त्या मुलीएवढीच. आई म्हणाली, "सवय गो ती," आणि मी "हं" म्हटलं.

सकाळी उठल्यावर मागल्या दारचा खराटा घेऊन ओट्यावर बसले. आजीच्या हातचा नाही, बाजारातला. पण बांधणी तीच, बुडख्याशी काथ्याचे घट्ट वेढे आणि पुढे हीर मोकळे. बुडखा एका हातात धरून दुसऱ्या हातानं जुडी वाकवली तर हीर एकमेकांवरून सरकतात. त्याची बारीक करकर बोटांना कळते. वाकल्यावर टोकांकडे बघावं. आतल्या बाजूचे हीर पुढे आलेले दिसतात आणि बाहेरच्या बाजूचे मागे राहिलेले. एकाही हिराची लांबी वाढलेली नसते. बुडाशी बांधलेले असतात म्हणून सगळा फरक टोकाला दिसतो. आता हेच उलटं करायचं. दोनच हीर घ्यायचे, बुडाशी काथ्यानं आवळायचे आणि वरच्या टोकांना चिमटीत धरून एक वर ओढायचा, दुसरा खाली दाबायचा. सरकायला बघतात, बूड सरकू देत नाही, आणि मग दोघे मिळून वाकतात, वर ओढलेल्याच्या बाजूला. मी वाकवलं नव्हतं, नुसतं सरकवलं होतं.

पॅरामेशियमचा केस ही अशीच जुडी आहे. केस म्हणायचा, पण आपल्या केसाशी त्याचं काही नातं नाही. लांबी मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याएवढी. जाडी इतकी कमी की आपल्या डोक्याच्या एका केसाच्या रुंदीत असे तीनेकशे शेजारी शेजारी मावतील. एवढ्याच्या आत नळ्यांची मोळी, सूक्ष्मनलिकांची. आडवा काप घेतला की कडेनं नऊ जोड्या गोलाकार आणि मधोमध दोन सुट्या नळ्या दिसतात. विसाव्या शतकाच्या मध्याला आयरीन मँटन या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ बाई शैवालांच्या आणि शेवाळींच्या पोहणाऱ्या नरपेशींच्या शेपट्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघत होत्या. शेपटी उसवली की दर वेळी अकरा तंतू मिळायचे. १९५२ साली क्लार्क यांच्याबरोबर त्यांनी स्फॅग्नम शेवाळीत कडेला नऊ आणि मध्ये दोन ही मांडणी दाखवली. नंतर जिथे जिथे पाहिलं तिथे तीच निघाली. तळ्यातलं हिरवं क्लॅमिडोमोनास घ्या, शिंपल्याचे कल्ले घ्या, आपली श्वासनलिका घ्या, पुरुषाचा शुक्रजंतू घ्या. अपवाद आहेत, पण थोडे. जीवाणूंची शेपटी मात्र यात धरायची नाही, ती वेगळ्याच पदार्थाची असते आणि मुळाशी भोवऱ्यासारखी फिरते.

जोडीजोडीच्या मध्ये हात असतात. खरोखरच त्यांना हात म्हणतात. एका जोडीला चिकटलेले, शेजारच्या जोडीपर्यंत पोचणारे, दर थोड्या अंतरावर एक अशी रांगच्या रांग. इयन गिबन्स यांनी १९६३ मध्ये टेट्राहायमेना या एकपेशीय जीवाच्या केसांतून ते हात वेगळे काढून दाखवले आणि परत जोडूनही दाखवले. १९६५ साली त्यांचं नाव ठेवलं डायनीन. डाइन म्हणजे बलाचं जुनं एकक, जे मी नववीला न्यूटनच्या शेजारी शिकवते आणि मुलं रूपांतराच्या गणितापुरतं लक्षात ठेवतात. हा हात एटीपीचा एक कण खर्ची घालतो, शेजारच्या नळीला धरतो, थोडं सरकवतो, सोडतो, पुन्हा धरतो. वाकवत नाही. सरकवण्यापलीकडे त्याला काही येतच नाही. १९६८ मध्ये पीटर सॅटिर यांनी गोड्या पाण्यातल्या शिंपल्याच्या कल्ल्यांवरचे केस वाकलेल्या अवस्थेत गोठवल्यासारखे पकडले आणि त्यांच्या शेंड्यांचे काप तपासले. आतल्या बाजूच्या जोड्या पुढे आलेल्या आणि बाहेरच्या मागे होत्या. हे वाचताना माझ्या मांडीवर खराटा होता आणि मी परत एकदा वाकवून टोकं बघितली.

त्या सगळ्यात मला सर्वांत जास्त हलवून गेला तो १९७१ चा प्रयोग. समर्स आणि गिबन्स यांनी सी-अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या शुक्रजंतूंच्या शेपट्या घेतल्या, त्यांचं आवरण काढून टाकलं आणि त्यांना ट्रिप्सिनचा हलका हात लावला. ट्रिप्सिन म्हणजे आपल्या आतड्यात प्रथिनं कापणारा पाचकरस. त्यानं नळ्या शाबूत राहिल्या, डायनीनचे हात शाबूत राहिले, पण जोड्यांना एकमेकींशी बांधून ठेवणारे बारीक बंध तुटले. मग एटीपी घातलं. शेपटी वळवळली नाही. नळ्या एकमेकींवरून सरकत सुटल्या, दुर्बिणीच्या नळ्या ओढाव्यात तशा, आणि तो तुकडा मूळ लांबीच्या कितीतरी पट लांब होऊन शेवटी विस्कटून गेला. ताकद तेवढीच होती, खर्चही तोच, आणि पोहणं मात्र नाही. काथ्याचा वेढा सुटलेल्या खराट्याचे हीर अंगणभर होतात, तसं.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण माझ्याही डोक्यात ती उशिरा शिरली. नऊच्या नऊ जोड्यांच्या हातांनी एकदम जोर लावला तर केस कुठेच वाकणार नाही, सगळीकडून सारखी ओढ बसेल. आधी एका बाजूचे हात कामाला लागतात तेव्हा दुसऱ्या बाजूचे ढिले पडतात, मग उलट. ही पाळी सेकंदाला पंधरा-वीस वेळा बदलते. आणि पॅरामेशियमच्या अंगावर असे केस हजारोंनी. प्रत्येक जण शेजाऱ्याच्या किंचित मागे हलतो, त्यामुळे अंगावरून लाटा जातात, भाद्रपदात पोटरीला आलेल्या भाताच्या खाचरावरून वारा जातो तशा. जाताना केस ताठ असतो आणि पाणी लोटतो, परतताना अंगालगत वाकून चोरट्यासारखा येतो. नुसता तसाच मागेपुढे हलला असता तर जितका पुढे गेला तितकाच मागे आला असता, कारण त्या मापाला पाणी म्हणजे आपल्याला काकवीचा हौद. तिथे घेतलेला वेग उरत नाही. ढकलणं थांबलं की तिथल्या तिथे थांबणं.

सगळ्याच मोळ्या अशा केसात भरलेल्या नसतात. लाकूड खाणाऱ्या एका झुरळाच्या आतड्यात सॅकिनोबॅक्युलस नावाचा एकपेशीय जीव राहतो. त्याच्या पोटातून आरपार सूक्ष्मनलिकांची जाड पट्टी गेलेली असते, थरावर थर, मध्ये दुवे. ती पट्टी आत वळवळते आणि तिच्याबरोबर अख्खी पेशी हेलकावते. पिशवीत दांडकं घालून आतून हलवावं तसं.

आजीच्या कुंपणावर श्रावणात कळलावी फुलायची. लाल-पिवळ्या ज्वाळांसारख्या उलट्या वळलेल्या पाकळ्या, आणि पानाचं टोक इतकं लांबलेलं की ते दुसऱ्या झाडाला विळखा घालून वर चढतं. मी तोडायला गेले की आजी ओरडायची, "चेडवा, हात लाव नको तेका!" कंद विषारी, बाळंतिणीच्या कळांसाठी जुन्या बायका तो वापरायच्या म्हणून नाव कळलावी, आणि त्यात जीव गेल्याच्या गोष्टीही वाडीत होत्याच. तिच्यात कोल्चिसिन असतं. हेच कोल्चिसिन बाबांना पायाच्या अंगठ्याच्या ठणक्यावर गोळीतून मिळायचं, गाऊटसाठी. सूक्ष्मनलिका ज्या सुट्या विटांच्या बनतात त्या ट्युब्युलिनला ते जाऊन चिकटतं आणि वीट रचू देत नाही. १९६९ मध्ये रोझेनबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लॅमिडोमोनासवर ते वापरलं. या जिवाला दोन शेपट्या, पोहणाऱ्या माणसाच्या हातांसारख्या. दोन्ही तोडल्या तर तासा-दोन तासांत परत वाढतात. पाण्यात कोल्चिसिन असलं की वाढत नाहीत. त्याच कामात आणखी एक गोष्ट दिसली. दोनांतली एकच तोडली, तर तुटलेली वाढायला लागते आणि धड असलेली आखडायला लागते. दोघी सारख्या झाल्या की मग दोघी मिळून वाढतात, पुन्हा पूर्ण लांबीला येईपर्यंत. मला हे वाचून आनंद झाला आणि लगेच भीतीही वाटली, की आपण यात कुठली तरी बहिणीबहिणींची गोष्ट वाचायला लागलोय. तिथे बहीण नाही. सामायिक साठा आहे, विटा इकडून तिकडे जातात. तरी मी डोळे पुसले, ते खरं आहे.

कारण त्या रात्रीपासून मी याच गोष्टीशी झगडत होते. "पेशीच हलवते" हे चूक. केस स्वतःच हलतो. आत वल्हेकरी नाही, बंध आहेत आणि सरकणं आहे. हे किती सुंदर आहे हे मला दिसत होतं, आणि त्याच वेळी घोंगडीच्या कडेवरून घसरणारा तो अंगठा दिसत होता. तिथे कोणीच नव्हतं असं मी तेरा वर्षांची असताना ठरवून टाकलं होतं, आणि म्हणून शेवटचे दोन दिवस मी त्या खोलीत गेले नव्हते. आई जात होती. ती आजीच्या हातात खरोखरचा एक हीर ठेवायची, आणि अंगठा त्याच्यावरून फिरायचा. आजीला ते कळत होतं की नाही, यावर आईनं कधी विचार केला असेल असं मला वाटत नाही. मेंदू आणि केस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकाचं उत्तर दुसऱ्याला लावू नये, हे मी मुलांना शिकवते. तरी बुडखा हातात धरून बसल्यावर मला वाटलं, की तेव्हा मी जायला हवं होतं.

पुढच्या आठवड्याच्या तासाला मी वीस हीर घेऊन गेले, सगळे वीतभर, एका मापाचे कापलेले. दोन-दोनच्या नऊ जोड्या रबरानं गोल बांधल्या, मध्ये दोन उभे केले, बुडाशी काथ्याचे चार वेढे. तास झाल्यावर त्या मुलीला थांबवून घेतलं आणि सांगितलं, "मी त्या दिवशी तुला चुकीचं सांगितलं." तिला काय बोलावं कळेना, मग तिनं जुडी हातात घेतली. मी सांगितलं तसं एका बाजूच्या जोड्या वर ओढल्या, जुडी वाकली. दुसऱ्या बाजूच्या ओढल्या, तिकडे वाकली. ती टोकांकडे बघत होती, मी काही न सांगता. मग तिनं दोन्ही मुठींनी सगळेच हीर एकदम ओढून बघितले.

"बाई, सगळे ओढले तर काहीच होत नाही."

"हो. म्हणून पाळीपाळीनं."

"आणि मेला तरी हलतो?" तेही मी तिला सांगून टाकलं होतं, नको होतं कदाचित. "मग जिवंत असताना काय वेगळं असतं?"

मी म्हटलं, जिवंत असताना तो आपलं इंधन स्वतः तयार करतो, आणि तंतूवर धडकला की कॅल्शियम आत घ्यायची दारं स्वतःच उघडतो आणि नंतर ते बाहेर काढून टाकतो. मेलेल्याला दोन्ही आपण बाहेरून द्यावं लागतं. ती थोडा वेळ विचार करत राहिली. या वेळी "हं" म्हणाली नाही. "हे सोडू?" तिनं विचारलं, आणि मी मान हलवायच्या आत रबरं काढली, काथ्या सोडला. एक हीर ढकलला, तो शेजाऱ्यावरून सरळ निघून गेला. दुसरा ढकलला. टेबलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत हीर पसरले, एकही वाकला नाही. दोन खाली पडले, ते तिनं वाकून उचलले.

मग तिनं सगळे गोळा केले, दोन्ही तळव्यांत धरले आणि बूड टेबलावर आपटलं. एक हीर वर राहिला होता. तिनं जुडी फिरवून पुन्हा आपटलं.